ओढलेली रेघ

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ तापू लागला की त्याला एक वास सुटतो. करपलेल्या धुळीचा, मेणाचा आणि थोडासा इस्त्रीखालच्या ओलसर सुती कापडाचा. शिकागोच्या एका उपनगरातल्या तळघरात, ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हाची एक पट्टी वरच्या इवल्याशा खिडकीतून उतरून कपडे धुण्याच्या यंत्रावर विसावलेली असताना, तो वास मला पहिल्यांदा भेटला. आज इतक्या वर्षांनंतरही इस्त्री करताना पाण्याचा शिंतोडा जरा जास्त पडला की हातातलं काम तसंच राहतं आणि सुमतीमावशी समोर येऊन बसतात. अंगात फिकट सुती साडी, तिच्यावर मुलाचा जुना, बाह्या दुमडलेला स्वेटर, पायात लोकरीचे मोजे आणि कानांवर काळे, जाडजूड हेडफोन. चेहऱ्यावर वार्धक्याचा कसलाही सौम्यपणा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ्यपुस्तकाशी भांडणाऱ्या मुलीचा असावा तसा तो चेहरा आहे.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी आमच्या उपनगराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करत होते आणि मावशी माझ्या शेजारच्या डॉक्टर शरदच्या आई. यजमान गेल्यावर नागपूरचं बिऱ्हाड आवरून त्या मुलाकडे आल्या होत्या. आमच्यात नातं काहीच नव्हतं. होती ती शनिवारची, देशी दुकानांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूची फेरी. मी गाडी चालवायची, त्यांनी शेजारी बसून माझ्या ब्रेक दाबण्यावर टीका करायची, मग दोघींनी मिळून तुरीची डाळ आणि हिंग घेऊन परतायचं. परदेशात मुलांकडे आलेल्या इतर आज्या मंडळाच्या गणपतीत आरत्या म्हणत, सुनांच्या कागाळ्या करत, कुणी लोकरीची टोपडी विणत. मावशींना यातलं काहीच साधायचं नाही. कुणी फार बोलू लागलं की त्या मान किंचित तिरकी करून समोरच्याच्या बोलण्याऐवजी बोलण्याची लय ऐकत बसत, आणि घरी येताना मला सांगत, "त्या देशमुखीणबाई खोटं बोलायच्या आधी एक श्वास चुकवतात, पाहिलंस का?" मी कुठली पाहायला. पण पुढच्या वेळी लक्ष ठेवलं, तर खरंच चुकवत होत्या!

अशा माणसाचे कान जावेत यात दैवाचा खट्याळपणा होता की दुष्टावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आधी पाखरं गेली, मग टेलिफोनची घंटा, मग नातीचा आवाज. ती पोर "आजी, लुक ॲट मी!" म्हणून नाचत यायची आणि मावशींना नुसते ओठ हलताना दिसायचे. उंच स्वर आधी जातात, खालचे काही काळ टिकतात, असं कानाच्या डॉक्टरनं शरदला समजावलं होतं. काही काळ म्हणजे किती, ते त्यालाही सांगता आलं नव्हतं.

त्याच सुमाराला ग्रंथालयाच्या फलकावर एक चिठोरं लागलं. हौशी रेडिओवाल्यांचं एक मंडळ तळमजल्यावरच्या खोलीत दर शनिवारी बिनतारी संदेशाचा वर्ग घेणार होतं. शेवटी परीक्षा, आणि उत्तीर्ण झालं की घरी रेडिओ ठेवून जगाशी बिंदू-रेघांच्या भाषेत बोलायचा सरकारी परवाना. मावशींनी ते चिठोरं दोनदा वाचलं आणि छत्रीचं टोक त्यावर टेकवून म्हणाल्या, "हे मला करायचंय."

मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. "मावशी, ते टीनएजर पोरांसाठी असतं हो."

"वयाचं काही लिहिलेलं नाही त्यावर," त्या म्हणाल्या. "आणि मला वेळ नाही."

वेळ नाही, हे वाक्य त्या वयाची माणसं ज्या अर्थानं उच्चारतात त्या अर्थानं त्यांनी उच्चारलं नव्हतं. बस सुटायला आल्यावर पिशव्या उचलत म्हणावं तसं ते होतं.

शरदनं कडाडून विरोध केला. हृदयावर शस्त्रक्रिया करणारा माणूस, आईच्या बाबतीत मात्र पहिलटकरणीसारखा घाबरट. हेडफोन लावून तासन्‌तास बसलीस तर आहे तेही ऐकू येणं जाईल, असं त्यानं नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारी छत्री घेऊन माझ्या दारात हजर झाल्या.

वर्ग घेणारा वॉल्टर हा रेल्वेत तारमास्तर म्हणून हयात घालवलेला, ढगळ पँटवाला, मवाळ गृहस्थ. तो ध्वनीची पट्टी खाली आणून ठेवी, मावशींच्या कानांना पेलेल इतकी खाली, आणि बेडकानं घसा साफ करावा तशा आवाजात अक्षरं उमटू लागत. बाकीची मुलं पेन्सिल चावत बसत. मावशी मात्र अक्षर पुरं व्हायची वाट पाहत कंटाळत. संथपणाचाच त्यांना त्रास होत होता. रांगणाऱ्या पोराच्या मागे चालताना होतो तसा. याचा अर्थ काय, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मावशी तरुणपणी लष्करी कचेरीत टायपिस्ट होत्या एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढं मला पुरेसं वाटलं.

एक गोष्ट मात्र खटकली होती. संदेश पाठवायच्या सरावासाठी वॉल्टर पितळी कळ टेबलावर मांडी. कळ दाबून बिंदू, धरून ठेवून रेघ. मुलं तिच्यावर तुटून पडत. मावशी हात मांडीवर ठेवून मागे सरकत. "परवाना मिळू दे," एवढंच म्हणत. "तोवर मी तिला बोट लावणार नाही." सोवळ्यात असल्यासारख्या बसायच्या.

परीक्षेच्या दिवशी ऐकलेलं लिहायचं होतं. वॉल्टरनं ध्वनिफीत लावली. ग्रंथालयाचं ते यंत्र म्हातारं झालं होतं, त्यातून संदेशापेक्षा खरखरच जास्त येत होती. मी काचेच्या दारातून पाहत होते. मावशींची पाठ ताठ झाली, मान तिरकी झाली आणि पेन्सिल अशी धावू लागली की मला धन्य वाटलं. फीत संपली. त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि कपाळावरचा घाम टिपला. वॉल्टरनं कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि मला आत बोलावलं. ही तुमची लिपी ना, असं त्यानं हळूच विचारलं.

लिपी आमचीच होती. सुवाच्य, डौलदार देवनागरी. आणि लिहिलं होतं: मु नु हे, या हे इ मु नु हे ना. ओळीमागून ओळ असंच. तान्ह्या बाळाशी बोलताना बाई जे काही बरळते त्यातलं वाटावं असं. मेंदूचा झटका आला की माणूस असं अक्षरांची खिचडी करतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. शरदला फोन करायला मी वळलेसुद्धा. तेवढ्यात मावशींनी माझ्या हातातून कागद घेतला. तो पाहताना त्यांचा चेहरा जो काळवंडला, तो आजारानं नव्हे. घरातला पडदा कुणी भर दिवसा ओढून काढावा तशा त्या उभ्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "डेव्हनला जाऊ."

साड्यांच्या दुकानासमोर गाडी लावून आम्ही बसून राहिलो. समोरच्या मिठाईच्या दुकानातून तळणाचा वास येत होता, बसमधून उतरलेल्या बायका कोथिंबिरीच्या जुड्या झटकत चालल्या होत्या, आणि त्या सगळ्या ओळखीच्या गजबजाटात सुमतीमावशींनी चाळीस वर्षांचं कुलूप काढलं. कागदानं आधीच चुगली केली आहे, मग मी एकटीनं गुप्ततेची शपथ पाळून काय उपयोग, असं काहीतरी त्या स्वतःशीच पुटपुटल्या होत्या.

महायुद्धाच्या काळात दिल्लीबाहेरच्या एका टेकडीवर, वाळ्याचे पडदे लावलेल्या लांबच लांब बराकीत, इंग्रजांच्या हेरखात्यासाठी त्या शत्रूचे बिनतारी संदेश ऐकायचं काम करत. गाणं शिकलेला कान आणि गणिताची बुद्धी एवढ्या भांडवलावर त्यांची निवड झाली होती. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजा आपसांत जे बोलत ते आकाशातून उचलून कागदावर उतरवायचं. त्याचा अर्थ लावणारे दुसरे. जपानी तारेत एकेका खुणेला का, नि, हो असं एकेक पुरं अक्षर असतं, आपल्या बाराखडीसारखं. इंग्रज मुलींना प्रत्येकापाठी दोन दोन रोमन अक्षरं खरडावी लागत आणि त्या मागे पडत. मावशी एका फटक्यात देवनागरी अक्षर काढून मोकळ्या होत आणि मग उजळ प्रत रोमनमध्ये करत. वरिष्ठ बाई आधी रागावल्या, मग कामाचा उरक पाहून गप्प बसल्या. ग्रंथालयाच्या त्या म्हाताऱ्या यंत्राची खरखर कानात शिरली मात्र, आणि मावशींचा हात पावसाळ्यातल्या ब्रह्मदेशाच्या आभाळाखाली जाऊन बसला. इंग्रजी संदेश त्यांनी जपानी खुणांनी ऐकला आणि मराठी अक्षरांत लिहिला. असली चूक करायलाही केवढा जन्म जावा लागतो!

"प्रत्येकाचा हात निराळा असतो बघ," त्या सांगत होत्या. "कळ दाबायची तऱ्हा. आवाजावरून माणूस ओळखतो ना, तसा हातावरून ओळखायचा. माझ्या वाट्याला एकजण होता. शब्द संपताना शेवटची रेघ ओढायचा. उंबऱ्याला पाय अडखळावा तशी. नाव, गाव, संदेशाचा अर्थ, काही ठाऊक नाही. पण तो ताजा आहे की दमलाय, हे मला कळायचं."

त्याची तुकडी जागा बदले, सांकेतिक नावं बदले, पण हात कुठं बदलणार? तो बोलला की मावशी सांगत, हा तोच. मग तो कोणत्या दिशेकडून बोलतोय ते शोधलं जाई. आणि पुढं विमानं जात.

मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी बोट उगारलं. "मला पश्चात्ताप नाही. समोर आपलीच पोरं होती, सातारची, कोल्हापूरची. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, हा तोच." मग मिठाईच्या दुकानाकडे पाहत म्हणाल्या, "पण शेवटी शेवटी, त्यांची माघार सुरू झाल्यावर, तो नुसता हाका मारायचा. संदेश नाही, काही नाही. कुणी आहे का, कुणी ऐकतंय का. त्याच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं. ऐकत होते मी एकटी. आणि आमच्या टेबलावर कळच नसायची गं. आम्हाला कान दिले होते, जीभ दिली नव्हती. रोज तो बारीक होत गेला आणि एके दिवशी नव्हता."

काच खाली करून त्यांनी हवा घेतली. मला आता कळलं होतं की त्यांना परवाना कशाला हवा होता. कान मिटण्याआधी एकदा, कुणाचीही का असेना, एक हाक त्यांना रिकामी परत जाऊ द्यायची नव्हती.

घरी शरद वाट पाहत होता. वॉल्टरचा काळजीचा फोन त्याला आधीच आला होता. "आई, इनफ! नापास झालीस ना? आता कॅन्सल कर हे सगळं. ऑडिओलॉजिस्ट काय म्हणाला होता, आठवतंय?"

"मी टायपिस्ट नव्हते, शरद," मावशी म्हणाल्या.

डाळीच्या पिशव्या हातात घेऊन मी दारात तशीच उभी. मला सांगितलं त्याच्या निम्म्याहून कमी त्यांनी त्याला सांगितलं, कोरडं आणि थोडक्यात. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"आणि मामाला?"

"तो चळवळीत तुरुंगात आणि मी साहेबाच्या गणवेशात. सुटून आल्यावर नुसत्या गणवेशापायी तो माझ्याशी बोलत नव्हता. हे कळतं तर तिरडीलाही आला नसता माझ्या."

असं हे त्रांगडं. देश स्वतंत्र झाला तेव्हा साहेबाची चाकरी केलेल्या मुलीला कोण विचारणार. आणि साहेबानं जाताना आभाराचे दोन शब्द बोलून तोंड बंद ठेवायची आठवण करून दिली ती तेवढीच. त्या वर्षांत युद्धातल्या गुप्त कारवायांवरची जाडजाड पुस्तकं आमच्या ग्रंथालयात येऊ लागली होती. सोमवारी कामावर गेल्यागेल्या मी ती एकेक करून काढली. सेनापती होते, गणिती होते, एका साहेबाच्या कुत्र्याचंसुद्धा नाव सूचीत होतं. टेकडीवरच्या बराकीत घामानं निथळत ऐकणाऱ्या मुलींचा एका ओळीत निकाल लावलेला: स्थानिक कर्मचारीवर्ग. मला इतका संताप आला की पुस्तक मिटताना झालेल्या आवाजानं वाचक माझ्याकडे पाहू लागले. ग्रंथपालानं असं करू नये. केलं.

मावशींनी संतापात वेळ घालवला नाही. परीक्षेला पुन्हा बसायला काही आठवडे थांबावं लागणार होतं, आणि त्यांनी रोगाला धरूनच औषध काढलं. "ती खरखर मला तिकडे नेते," त्या म्हणाल्या. "म्हणजे खरखरीत बसूनच इकडचं शिकलं पाहिजे." रोज दुपारी तळघरात सरावाची फीत लावायची, शेजारी वॉल्टरकडून आणलेला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या ओसाड जागेवर नेऊन सोडायचा आणि त्या कोलाहलात बसून इंग्रजी अक्षरं लिहायची. हात घसरला, एखादा मु किंवा नु उमटला की तो खोडायचा आणि फीत पहिल्यापासून. मी कधी चहा घेऊन खाली गेले तर त्या मान वर करत नसत. चहावर साय धरायची. ब्रह्मदेशातून इलिनॉयला एकेक अक्षरानं चालत यावं तसं चाललं होतं ते.

आणि शरद? एका रविवारी सकाळी ठोकाठोकी ऐकून मी बाहेर आले, तर डॉक्टरसाहेब शिडीवर. घराच्या धुरांड्यापासून अंगणातल्या मेपलच्या झाडापर्यंत तांब्याची तार ओढणं चाललं होतं. माणसाचं हृदय उघडून पुन्हा शिवणाऱ्या त्या हातांना एक खिळा धड मारता येत नव्हता. खाली मावशी उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "ढिली आहे! अजून ओढ!" जाता जाता तो मला म्हणाला, "काय करणार, यार. तिला कधी काही मागताना मी पाहिलंच नव्हतं."

दुसऱ्या खेपेला मावशी पास झाल्या. मेपल पुरता निष्पर्ण झाल्यावर टपालानं परवाना आला. त्यांनी तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वॉल्टरनं दिलेली पितळी कळ पदरानं पुसून तळघरात नेली.

पहिल्या हाकेच्या दिवशी मला आणि शरदला बोलावणं होतं. बाहेर बर्फ पडून थांबलं होतं आणि त्याचा तो उसना, निळसर प्रकाश खिडकीतून खाली झिरपत होता. रेडिओ तापला, तो वास पसरला; आम्हाला ऐकू यावं म्हणून हेडफोनबरोबर भोंगाही चालू ठेवला होता. मावशी हळूहळू तबकडी फिरवत होत्या. मोठमोठ्यानं बोलणारी केंद्रं त्यांनी सोडून दिली, एकामागून एक. मग मान तिरकी झाली. खरखरीच्या तळाशी, दूरच्या खोलीत भुंगा असावा इतका बारीक, कुणीतरी हाका मारत होता. कुणी आहे का. कुणी ऐकतंय का.

मावशींनी कळीवर बोटं ठेवली. मग दाबली.

मला त्या भाषेतलं अक्षर समजत नाही. पण कान मलाही आहेत. मावशी पाठवत होत्या, सावकाश, एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्दाच्या टोकाशी शेवटची रेघ ओढली जात होती. उंबऱ्याला पाय अडखळावा तशी. मी शरदकडे पाहिलं. तो आईच्या पाठीकडे पाहत हसत होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. आणि मावशींना? त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

पलीकडून उत्तर आलं. नेब्रास्कातल्या एका शेतावरचा कुणी म्हातारा होता. सकाळपासून कुणी सापडलं नव्हतं म्हणे. मावशी लिहून घेत होत्या, स्वच्छ इंग्रजी अक्षरांत, आणि आम्हाला मराठीत सांगत होत्या. तिकडे फार बर्फ आहे. गाईंना बरं नाही. मग पेन्सिल थांबली.

"काय म्हणतोय, आई?" शरदनं मोठ्यानं विचारलं.

"विचारतोय, तुमचा हात वेगळाच आहे. कुणी शिकवला?"

मग त्या सरळ झाल्या, कळीवर बोटं ठेवली आणि कुठंही न अडखळता उत्तर पाठवलं. तेवढी एक रेघ मात्र त्यांनी नेहमीपेक्षा जास्त ओढली; मुद्दाम ओढली, असं मला वाटलं.

"काय सांगितलंत, मावशी?"

"एका जपान्यानं," त्या म्हणाल्या. "नाव विचारायचं राहून गेलं."

आणि कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून त्या नेब्रास्काच्या गाईंची हकीकत पुढं ऐकू लागल्या.